फायबरच्या जुन्या होडीला रंग: आधी फडकं, मग डबा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत फायबरच्या जुन्या होडीला कमी खर्चात घरच्या घरी रंग कसा द्यायचा यावर लेख आला होता तो वाचला. विषय निवडलात त्याबद्दल आधी आभार, कारण होड्यांवर लिहायचं म्हटलं की सगळे चकचकीत नव्या बोटींवरच लिहितात, आमच्यासारख्या तिसऱ्या-चौथ्या हाताच्या होडीवाल्यांना कोण विचारतं. पण लेख वाचून जो कोणी सुट्टीच्या दिवशी कामाला लागेल त्याचं काय होणार हे मला चांगलं माहितीये कारण माझं तेच झालं होतं. "होडी धुवा, पॉलिश पेपर मारा, अस्तराचा एक हात, वर रंगाचे दोन हात, झाली नवी" असं त्यात साधारण लिहिलंय. ऐकायला सोपं वाटतं आणि चुकीचं सगळं त्या सोपेपणातच आहे. त्यात दोन गोष्टी तर तब्येतीला धोक्याच्या आहेत, त्या पुढे लिहितो, म्हणून हा एवढा प्रपंच.

पहिला मुद्दा, रंग द्यायची गरज आहे का हेच लेखात कुठे विचारलेलं नाही. फायबरच्या होडीला मुळात रंग नसतोच. बाहेरून जो रंग दिसतो तो जेलकोट, म्हणजे रंग मिसळलेल्या रेझिनचा (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या चिकट प्लास्टिकचा) थर, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा, आणि त्याच्या आत काचेच्या धाग्यांचं कापड रेझिनमध्ये बसवलेलं. वर्षानुवर्षं ऊन खाऊन जेलकोटचा वरचा पापुद्रा मरतो, हात फिरवला तर खडूसारखी पांढरी पूड हाताला लागते आणि माणूस म्हणतो की गेला रंग. गेलेला नसतो! एक वीतभर जागा ओल्या फडक्यानं पुसून बघा, ओलं असेपर्यंत मूळ रंग खुलून दिसला तर बहुतेक वेळा रबिंग कंपाउंड (घासून चमक आणायची पेस्ट) आणि वर मेण एवढ्यावर काम भागतं. हात दुखतात, दोन दिवस खांदा वर होत नाही, पण रंगाच्या मानानं खर्च फारच कमी. जेलकोट इतका झिजलाय की आतल्या कापडाची वीण दिसायला लागलीये, किंवा आधीच कुणीतरी रंग मारून ठेवलाय आणि त्याचे पोपडे निघतायत, तरच रंगाच्या वाटेला जा. तंग बजेटवाल्या माणसाला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ते हे, आणि नेमकं तेच राहून गेलं.

आता माझी फजिती सांगतो. पाच मीटरची उघडी होडी, मी आणि दाजींनी अर्धी-अर्धी घेतलेली, त्यामुळे रंग कोणता यावर आधी पंधरा दिवस वाद. दाजींना गडद निळा हवा होता, मला पांढरा. शेवटी निळा आला (ताईनं दाजींची बाजू घेतली, विषय संपला). होडी साबणानं स्वच्छ धुतली, मग मशीन लावून दणादण घासली, अस्तर मारलं, वर रंगाचा पहिला हात. अर्ध्या तासात रंगावर बारीक बारीक गोल खड्डे पडायला लागले, जणू कुणी रंगावर तेलाचे थेंब शिंपडलेत, रंग तिथून मागं सरकत होता. आम्हाला वाटलं रंगच खराब निघाला. रंग बरोबर होता हो, आमची अक्कल कमी पडली. आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं त्या होडीला मेण आणि चकाकीचे कसले कसले स्प्रे चोळले होते, आणि मेण साबणानं जात नाही. वरून आम्ही ते न काढता घासलं, म्हणजे पॉलिश पेपरच्या प्रत्येक ओरखड्यात ते मेण आम्हीच हातानं दाबून भरलं. सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. रंगाचा एक डबा आणि तीन सुट्ट्या पाण्यात.

तर क्रम असा आहे: आधी मेण काढायचं, मग घासायचं. मेण काढायला त्यासाठीचं सॉल्व्हेंट मिळतं, पण त्याहून महत्त्वाची आहेत दोन फडकी. एका हातात ओलं, दुसऱ्यात कोरडं, ओल्यानं हातभर जागा पुसली की सॉल्व्हेंट उडून जायच्या आत कोरड्यानं उचलून घ्यायचं, आणि फडक्याची बाजू सतत बदलायची. एकच फडकं घेऊन अख्खी होडी पुसली तर तुम्ही मेण काढत नाही, इकडचं तिकडे नेताय फक्त. जुने सुती बनियन, चादरी सगळं या कामाला लावा, विकत घ्यायची गरज नाही. झालं की पाणी शिंपडून बघायचं. पाणी सलग पडद्यासारखं पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ, कमळाच्या पानावर असतात तसे मोती झाले तर अजून मेण आहे, पुन्हा पुसा. या तपासणीला एक पैसा लागत नाही, आणि ती केली असती तर आमच्या तीन सुट्ट्या वाचल्या असत्या.

होडीवर आधीचा रंग असेल तर तो कोणत्या जातीचा आहे हे कळल्याशिवाय नवा डबा विकत घेऊ नका. एक-डब्याचा रंग म्हणजे नुसता उघडून लावायचा, आणि दोन-डब्यांचा म्हणजे हार्डनर मिसळून लावायचा. फडकं थिनरमध्ये भिजवून जुन्या रंगावर पाचेक मिनिटं चिकटवून ठेवा, रंग मऊ पडला किंवा सुरकुतला तर तो एक-डब्याचा, आणि त्याच्यावर दोन-डब्यांचा रंग मारला तर त्यातलं तेज सॉल्व्हेंट खालच्या रंगाला उचकटून वर आणतं. उलटं चालतं, म्हणजे पक्क्या वाळलेल्या दोन-डब्यांच्या रंगावर नीट घासून एक-डब्याचा लावता येतो. आणि जुना रंग घट्ट बसलाय की नाही ते बघायला ब्लेडनं बारीक चौकटी कापायच्या, वर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढायची. पट्टीसोबत चौकटी आल्या तर सगळा खरवडा, नाही आल्या तर तो रंगच तुमचं अस्तर समजा, तेवढी मेहनत वाचली.

खरवडायला घरातलं रंग उतरवायचं केमिकल वापरू नका, ते जुन्या रंगासोबत जेलकोटही खातं. फायबरला चालेल असं लिहिलेलं वेगळं मिळतं. हीट गनही जपून, फायबर तापून आतून सुटलं की ते परत बसत नाही.

भेगा आणि खड्डे भरायच्या बाबतीत लेखात "लांबी भरा" एवढंच आहे. कोणती लांबी? गाडीच्या पत्र्याला भरतात ती स्वस्त असते, हाताशी असते आणि छान घासली जाते, म्हणून सगळे तीच भरतात. ती पाणी पिते. काठाच्या वर, कोरड्या भागात, एखाद्या ओरखड्याला चालून जाईल, पण पाणरेषेच्या खाली कधीही नाही, तिथे इपॉक्सी रेझिनची लांबीच हवी. इपॉक्सी वाळल्यावर त्यावर बऱ्याचदा मेणचट थर येतो, तो नुसत्या पाण्यानं आणि भांडी घासायच्या खरखरीत घासणीनं निघतो, पण तो काढायचा घासायच्या आधी. परत तीच गोष्ट, आधी धुवा मग घासा. आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा एकाच जागी दिसत असतील तर तिथे होडी लवतेय, आतून आधार दिल्याशिवाय वरून कितीही भरलं तरी पुढच्या मोसमात भेगा हजर. डेकवर नाण्यानं टकटक करत जा, टणक आवाज येता येता मध्येच बद्द आवाज आला तर आतलं लाकूड कुजलंय असं समजा, अशा जागी रंग म्हणजे वरून कीर्तन आतून तमाशा.

तळाला फोड आलेले असतील आणि फोडल्यावर आतून आंबूस वासाचं पाणी आलं तर होडीच्या अंगात पाणी मुरलंय. ती वाळू द्यावी लागते. आठवडे लागतात, कधी महिने, घाई करून उपयोग नाही. वाळलीये का बघायला तळावर प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटवून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी आतून दव धरलेलं दिसलं की अजून थांबायचं.

आता ज्या दोन गोष्टींसाठी मुख्य हे पत्र लिहितोय त्यातली पहिली. लेखात "तळाचा जुना रंग कोरडाच घासून काढा, तोंडाला रुमाल बांधा" असं छापलंय. कृपा करून असं छापू नका. तळाला शंख-शिंपले, शेवाळ धरू नये म्हणून जो रंग लावतात तो साधा रंग नसतो, ते विष असतं, विष म्हणूनच ते काम करतं. आज त्यात बहुतेक तांब्याचं ऑक्साइड असतं. पूर्वी ट्रायब्युटिलटिन, म्हणजे टीबीटी नावाचं कथिलाचं संयुग असायचं, आणि ते इतकं जहाल की फ्रान्समध्ये आर्काशोंच्या उपसागरात कालवांची शिंपलं वेडीवाकडी व्हायला लागली, पैदास बसली, आणि १९८२ मध्ये फ्रान्सनं २५ मीटरपेक्षा लहान बोटींना त्याची बंदी केली. जगभरासाठीचा करार आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत २००१ मध्ये झाला आणि लागू व्हायला २००८ उजाडलं. म्हणजे जुन्या होडीच्या तळावर आठ-दहा थर असतील तर सगळ्यात खालचा कोणता हे सांगणं कठीण. तो कोरडा घासून धूळ उडवायची आणि ती रुमालातून ओढायची? हा भाग नेहमी ओला घासायचा, पाणी मारत मारत, खाली प्लास्टिक अंथरून, आणि निघालेला गाळ गोळा करून घातक कचऱ्यात द्यायचा, पाण्यात किंवा मातीत सोडायचा नाही. फायबरची धूळही काही साधी नाही, त्यात काचेचे कण असतात, अंगाला लागले की दोन दिवस खाज जात नाही आणि छातीत गेले तर विचारूच नका. धुळीचा नीट बसणारा मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट. बजेट कितीही तंग असो, इथे काटकसर नको.

दुसरी गोष्ट स्प्रेची. दोन-डब्यांचा पॉलियुरेथेन रंग "भाड्याच्या कॉम्प्रेसरनं घरच्या घरी" मारायचा सल्ला दिलाय. रंग उत्तमच आहे, चकाकी वर्षानुवर्षं टिकते, वाद नाही. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, फवारा उडाला की ते सरळ फुप्फुसात जातात आणि त्यानं दमा लागू शकतो. एकदा शरीरानं त्याचं वावडं धरलं की नंतर अगदी थोड्या वासानंही झटका येतो. ते मारणारे कारागीर बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा घालतात, धुळीचा मास्क तिथे काही कामाचा नाही. ही सोय ज्याच्याकडे नाही त्यानं स्प्रेचं नावही काढू नये. आणि पाच मीटरच्या जुन्या होडीला तो रंग म्हणजे नाकापेक्षा मोती जड, त्याचं अस्तर वेगळं, थिनर वेगळं, मिसळल्यावर काही तासांत संपवायचा, उरला तर डब्यातच दगड.

माझं मत विचाराल तर तंग बजेटला एक-डब्याचा मरीन पॉलियुरेथेन किंवा इनॅमल, रोलर आणि ब्रशनं. घराच्या दारा-खिडक्यांना लावतात तो ऑइल पेंट चालेल का असं मला तिघांनी तरी विचारलंय. वल्ह्याच्या छोट्या होडीला, जी वापरून झाली की बाहेर काढून ठेवतात, पाणरेषेच्या वर लावला तर चालतो, फक्त चमक लवकर जाते आणि एक-दोन वर्षांनी परत हात मारावा लागतो. ज्याला दर वर्षी हात मारायला आवडतं त्यानं खुशाल लावावा. पण हा रंग काय किंवा मरीनचा वरचा रंग काय, दोन्ही सतत पाण्याखाली राहण्यासाठी बनलेले नाहीत. हे मात्र आम्ही डब्यावर वाचूनही मनावर घेतलं नव्हतं, तोच निळा तळापर्यंत नेला, दिसायला काय देखणी दिसत होती, होडी दोन आठवडे पाण्यात ठेवली आणि बाहेर काढली तेव्हा तळावर फोडच फोड, नखानं रंगाची सालं निघत होती. पाण्यात उभ्या राहणाऱ्या होडीच्या तळाला तळाचाच रंग हवा, आणि तो तांब्याचा असेल तर इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या भागांना लावायचा नाही, तांब्याच्या संगतीनं ॲल्युमिनियम खाल्लं जातं. गंज अंगावर घ्यायला जस्ताचे तुकडे बसवलेले असतात त्यांनाही रंग नको, रंगवले तर ते निकामी.

किती रंग लागेल याचा अंदाज दुकानात जायच्या आधी घरी करा, आम्ही दुप्पट आणला होता. बाहेरच्या बाजूंसाठी लांबी अधिक रुंदी, गुणिले दोन, गुणिले पाण्यावरची उंची. आमची होडी ५ मीटर लांब, १.८ रुंद, ०.६ उंच, म्हणजे ८ चौरस मीटरच्या थोडं वर. एका लिटरमध्ये साधारण १० ते १२ चौरस मीटर होतं (नेमका आकडा डब्यावर असतो), तेव्हा दोन हातांना दीड लिटरच्या आसपास. तीन हात द्यायचे तर सव्वादोन धरा. आतल्या बाजूचं वेगळं मोजा.

पेपरच्या नंबरांचा फार बाऊ करू नका. खडबडीत जुना रंग ८० नं, अस्तराच्या आधी १२० ते २२०, आणि शेवटच्या हाताआधी ३२०. लोक चमक यावी म्हणून अजून बारीक अजून बारीक करत जातात, पण रंगाला धरायला ओरखडा लागतो, आरशासारखं घासलेल्या जागेवरून रंग सालपटासारखा निघतो. इथे जरा दाजींचं कौतुक करतो, आमच्या दुसऱ्या खेपेला सगळं घासणं त्यांनी एकट्यानं केलं, अर्थात रंग त्यांच्या पसंतीचा होता म्हणूनच.

लावायची पद्धत मात्र शिकण्यासारखी आहे आणि खरं सांगायचं तर कामातला सगळ्यात मजेचा भाग तोच. दोन माणसं लागतात. एक बारीक फोमच्या रोलरनं रंगाचा अगदी पातळ थर लावत पुढे जातो, दुसरा लगेच मागोमाग चांगल्या ब्रशच्या नुसत्या टोकानं, दाब न देता, वरून खाली हलकेच ओढत येतो, त्यानं रोलरचे बुडबुडे फुटतात आणि रंग आपोआप सपाट होतो. पुढचा पट्टा जोडायचा तो आधीच्या पट्ट्याची कड ओली असतानाच. आणि मागं वळून बघायचं नाही! पाच मिनिटांपूर्वीच्या भागात एक ओघळ दिसला म्हणून परत ब्रश लावला की तिथे कायमचा फराटा. ओघळ वाळू द्या, उद्या घासून काढा. रोलर सॉल्व्हेंटला टिकणारा घ्या, स्वस्तातला फोम रंगातच विरघळतो आणि त्याचे गोळे होडीला चिकटतात. ब्रश एकच घ्या पण चांगला घ्या, आणि लगेच धुवा. जाड एका हातापेक्षा पातळ तीन हात केव्हाही चांगले.

हवा बघून काम काढा. रणरणत्या उन्हात रंग ब्रशखालीच ओढला जातो, सपाट व्हायला वेळच मिळत नाही. आणि उलट संध्याकाळी उशिरा लावला तर रात्रीचं दव पडून सकाळी चमक गेलेली, दुधाळ डाग पडलेले. सकाळचं दव पूर्ण वाळलं की सुरू करायचं आणि दुपारनंतर लवकर आटपायचं, सावलीत. मास्किंग टेप रंग पुरता कडक व्हायच्या आत काढा, नाहीतर कडेचा रंग घेऊन येते. जे हुक, कडी, पट्ट्या स्क्रूनं निघतात ते काढूनच ठेवा, टेप लावून भोवतीनं रंगवलं की पहिला पोपडा तिथूनच निघतो. परत बसवताना खाली सीलंट हवं, पण सिलिकॉन नको, सिलिकॉन एकदा लागलेल्या जागी पुढे आयुष्यभर रंग धरत नाही.

डेकवर पाय घसरू नये म्हणून विकतची पूड मिळते, पण एक जुगाड सांगतो. साखर. रंगाचा ताजा हात ओला असतानाच वरून साधी साखर दाट भुरभुरायची, रंग वाळला की पाण्यानं धुवायची, साखर विरघळून जाते आणि बारीक खड्ड्यांचा खरखरीत पृष्ठभाग मागे राहतो. अनवाणी पायालाही टोचत नाही. मुंग्या येतात, हे आधी सांगायला हवं होतं, धुवायला उशीर करू नका.

रंग वाळला आणि कडक झाला यात फरक आहे. हाताला लागत नाही म्हणून आम्ही दुसऱ्याच दिवशी होडी ट्रेलरवर चढवून पट्टे आवळले, पट्ट्यांची नक्षी अजून तशीच आहे. एक-डब्याच्या रंगाला आठवडाभर तरी द्या. आणि गडद निळ्याबद्दल, दाजी हे वाचणार आहेत हे माहीत असूनही लिहितो: गडद रंग उन्हात जास्त तापतो आणि खालची प्रत्येक उंचसखल जागा, प्रत्येक लांबीचा ठिगळ लांबून दाखवतो. पांढऱ्यानं सगळं झाकलं असतं.

संपादक महाशय, माझी विनंती एवढीच आहे की तळ कोरडा न घासण्याबद्दल आणि घरी स्प्रे न मारण्याबद्दल दोन ओळींची दुरुस्ती पुढच्या अंकात, शक्यतो त्याच पानावर छापा. बाकीच्या चुका लोक करून शिकतील, आम्ही शिकलो तसेच.

आपला,
अर्ध्या होडीचा मालक, एक जुना वाचक

ता.क. थिनर आणि रंगात भिजलेली फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेलाच्या रंगाची फडकी ढिगात आपली आपण तापतात आणि पेटूही शकतात. मोकळ्या हवेत पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.